उशाशी वल्हं

वारा अगदी पडलेला, आभाळ राखाडी, उकाड्याने अंगाची नुसती काहिली आणि खाडीचं पाणी तेलासारखं निपचित. असाच दिवस होता तो, असं सांगतात. तुमच्या अंथरुणाच्या उशाशी जे वल्हं ठेवलंय ना, त्याची गोष्ट तिथून सुरू होते. आमच्या वेळूबेटावर पाहुणा कुणाकडेही उतरो, त्याच्या उशाशी वल्हं ठेवल्याशिवाय घरधनीण दिवा मालवत नाही.

फार मागची गोष्ट. केसोबा नावाचा कवी आपलं होडकं वल्हवत काठाकाठाने गावं फिरायचा, कवनं म्हणायचा. उकाड्याने जीव घाबरला म्हणून तो बेटावर धाकू तांडेलाकडे टेकला. रात्र काढायची आणि निघायचं, एवढंच मनात. खाडीपल्याड त्याच्या स्वतःच्या घरी तान्ही लेक होती. बारसं जवळ आलं होतं, आणि नाव बापानेच ठेवायचं होतं.

त्या रात्री त्याने कवनं म्हणून धाकूच्या घराला वेड लावलं म्हणे. सकाळी निघायला गेला, तर होडकं जागेवर आणि वल्हं नाही.

"जाईल कुठे? सापडेल हो बुवा," धाकू म्हणाला. "आधी भाकर खा, गरम आहे."

दुसऱ्या दिवशीही तेच. शेजाऱ्यांकडे मागावं, तर बुवा सगळ्यांनाच हवे होते. कुणाचं वल्हं तडकलेलं, कुणाचं पलीकडच्या काठावर राहिलेलं. ताट मात्र रोज जास्तच भरत चाललं. इतक्या मायेच्या माणसांवर ओरडायचं तरी कसं? खाडीपल्याड त्याच्या गावचे माड दिसायचे. ते बघत तो कालवण-भात गिळायचा. कवन सुचेना, झोप लागेना.

बारशाची तिथी अशीच निघून गेली. त्या संध्याकाळी तो पाण्याकडे तोंड करून पाळणा म्हणत बसला. नावाच्या जागी आला की थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून धरायचा. धाकूची बायको भागी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, माळ्यावरच्या पेंढ्यातून वल्हं ओढून काढलं आणि नवऱ्यादेखत पाहुण्याच्या उशाशी ठेवलं. धाकूने मान वर केली नाही.

उजाडताच केसोबा गेला. मागे वळून बघितलं नाही त्याने.

मग पत्रं सुरू झाली. धाकूला अक्षर येत नव्हतं, देवळातल्या गुरवाकडून लिहवून घ्यायचा. 'चुकलो बुवा. एकदा या.' केसोबाचं उत्तर यायचं. लेक चालायला लागली, नवं कवन झालं, भागीवहिनींना नमस्कार. रागाचा शब्द नसायचा, पण येण्याचाही नसायचा. अशी वर्षं गेली. शेवटी धाकूने देवीपुढे शपथ घेतली आणि कळवलं, की यापुढे या बेटावर पाहुण्याचं वल्हं त्याच्या उशाशीच राहील, माझ्या घरी आणि सगळ्यांच्या घरी.

तेव्हा कुठे केसोबा आला, लेकीला घेऊन.

ती पत्रं आजही देवीच्या पेटीत आहेत. कडा वाळवीने खाल्ल्या, पण अक्षर लागतं. रीतही आजवर कुणी मोडली नाही. आणि गोष्ट सांगणारा धाकूच्या शेजाऱ्याचं, सुकऱ्या कोळ्याचं बोलणं सांगूनच थांबतो. केसोबा त्या खेपेला एका रात्रीपुरता म्हणून आला होता. आंब्याचा मोहर गळून कैऱ्या धरल्या, तरी धाकूच्या अंगणात बसून कवनं रचतच होता. सुकऱ्याने कुंपणावरून हाक मारली म्हणे, "काय बुवा, आता कोणी धरून ठेवलंय तुम्हाला?"