पाटीमागचा सर्व्हर

पंखा दान करताना त्याच्या पात्यावरही स्वतःचं नाव रंगवून घेणाऱ्यांनो, हे तुमच्यामुळे घडलं.

वस्तू बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका शाळेला जुना सर्व्हर दान मिळाला. आतून तो कोरा होता. त्याला सुरू करणारी ऑपरेटिंग सिस्टीम घेऊन पेनड्राइव्ह आला, तर तो लावायच्या खाचेवरच दात्याची पितळी पाटी ठोकलेली.

"पाटीबाई, जरा सरका," पेनड्राइव्ह म्हणाला. " संध्याकाळपर्यंत हा सुरू झाला नाही, तर भंगारात जाईल."

"सरकू? साहेबांचं नाव वाकडं होईल!"

"मला काम करायचंय हो," सर्व्हर कळवळला.

खुर्च्यांनी तातडीची बैठक घेतली. "पेनड्राइव्हचा सत्कार राहिलाय, म्हणून तो कुरकुरतोय," असं ठरलं. त्याला हार घालून पाटीवरच घट्ट चिकटवण्यात आलं. टाळ्या झाल्या.

संध्याकाळी माणसांनी पाटी अलगद काढून पेनड्राइव्हसकट भिंतीवर लावली आणि सर्व्हर भंगाराच्या हातगाडीवर टाकला.

"नीट बस, बाबा," हातगाडी म्हणाली. "काल दानातल्या रुग्णवाहिकेचे तुकडे नेले. तिच्या पुढच्या काचेवर इतकी नावं होती, की ड्रायव्हरला रस्ताच दिसेना."