राखेखालचा विस्तव

फार मागे, जनावरं विस्तव राखायची तेव्हाची गोष्ट. चार डोंगरांनी मिळून ठरवलं होतं, की ज्याचा विस्तव विझेल त्याला बाकीच्यांनी निखारा द्यायचा, आणि कुणासाठी हवाय हे विचारायचं नाही. करवंदीच्या डोंगराच्या वतीने थोरल्या साळिंदराने तसा शब्द दिला होता.

एके दुपारी गारा कोसळल्या. थोरला लाकडं आणायला बाहेर गेलेला, धाकटा भाऊ विस्तवापाशी होता. तेवढ्यात शेजारच्या डोंगरावरची उदमांजरीण मडकं घेऊन धापा टाकत येताना धाकट्याला दिसली. त्याने घाईघाईने विस्तवावर राख ओढली.

"धाकट्या, निखारा दे रे. आमचा विझला."

"आमचाही विझलाय, ताई. आणि तुमचाच बरा दर वेळी विझतो?"

तिला ते खरंच वाटलं. ती तशीच लांबच्या डोंगराकडे पळाली.

दिवस कलताना उदमांजरीण आणि तिच्या डोंगरावरचे चौघे थोरल्याला उचलून घेऊन आले. गारांचा मार खाऊन तो आडोशाला शिरला होता, तो नेमका उदमांजरिणीच्या थंड गुहेत. ती निखारा घेऊन पोचेपर्यंत गारठून त्याचा जीव गेला होता.

धाकट्याने भावाला कवटाळलं आणि टाहो फोडला.

"तुझा काय दोष, बाळा?" उदमांजरीण म्हणाली. "तुमचाही विझलेलाच होता." मग तिने मडकं पुढे केलं. "घे. तुमच्यासाठीही एक मागून आणलाय."

धाकट्याच्या पाठीमागे राखेखाली विस्तव धुमसत होता. तो कुणाला दिसू नये म्हणून सगळे काटे पसरून धाकटा आडवा उभा राहिला, आणि मान खाली घालून त्याने मडकं घेतलं.