शंखजिऱ्याचं काजळ

पाय आत घ्या बघू आधी. दिगू, पमीची उशी सोड. हं, आता सांगते. ही फार मागची गोष्ट, माझी आजीसुद्धा नव्हती तेव्हाची.

एक होतं रान. तिथल्या जांभळीवर चिमणीहून लहान एक पाखरू राहायचं. पाठ पानासारखी हिरवी, पोट पांढुरकं नि गळा हळद लावल्यासारखा पिवळा. म्हणून सगळे तिला हळदी म्हणायचे. तिनं बेचक्यात कोळ्याच्या जाळ्याचे धागे गुंडाळून घरटं बांधलं. वाटीएवढं. छे, वाटी कसली, पमीच्या मुठीत मावेल एवढं. नि त्यात तीन पिल्लं वाढवली.

पिल्लं उडायला लागली नि हळदीचा जीव टांगणीला लागला. पिल्लंही हिरवी, पानंही हिरवी. दिवसभर ती फुलांतला मध चाटायची, उलटी लटकून अळ्या टिपायची. सांज झाली की आईला सापडायचीच नाहीत. एकदा तर तिनं अळी एका पानालाच भरवली, बरं का. हसा, हसा. तिला नाही हसू आलं. ही पाखरं थंडीत एकमेकांना चिकटून झोपतात. एकटं राहिलेलं पिल्लू सकाळपर्यंत गारठून मरायचं.

मग ती बुलबुलाकडे गेली. तो म्हणाला, "माझ्यासारखं काहीतरी लाल लाव की त्यांना." तिनं पिल्लांच्या डोक्यावर पळसाच्या पाकळ्या ठेवल्या. वाऱ्यानं उडून गेल्या.

मग ती दयाळाकडे गेली. तो म्हणाला, "पोरांना मोठ्यानं गायला शिकव." पिल्लं मोठ्यानं गायली, नि आवाजाच्या रोखानं शिक्रा आला. शिक्रा लहान पाखरं खातो. पिल्लं पानांत दडली म्हणून वाचली.

मग ती गेली भागूआईकडे. भागूआई म्हणजे रानातली सुईण. पिल्लांना तेल चोळायची, शंखजिऱ्याची पांढरी पूड लावायची, तुम्हाला न्हाणं झाल्यावर मी लावायचे तीच. नि शेवटी काजळ. बुलबुलानं हट्टानं डोकंभर काजळ फासून घेतलं होतं. ते अजून तसंच आहे.

हळदी म्हणाली, "भागूआई, माझ्या पोरांचा रंग बदल गं."

"रंग नाही बदलायचा, बाई. हिरवी आहेत म्हणून तर शिक्र्याच्या हाती लागली नाहीत. काजळ घालते, म्हणजे कुणाची नजर लागायची नाही."

पण भागूआई आता म्हातारी झाली होती. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, नि दोन्ही डब्या सारख्या. तिनं तेलाचं बोट बुडवलं ते शंखजिऱ्यात. नि फिरवलं तिन्ही पिल्लांच्या डोळ्यांभोवती. पांढरंशुभ्र कडं उमटलं.

हळदीला रडूच फुटलं. "काळं लावायचं ते पांढरं लावलंस गं आई. आता साऱ्या रानाची नजर लागेल." तिनं पुसून पाहिलं, निघेना. भागूआईचं तोंड एवढंसं झालं.

सांज झाली. दोन पिल्लं आली, धाकटं काही येईना. नि वर शिक्रा घिरट्या घालत होता. हळदी जीव मुठीत धरून फांदीफांदीवर हिंडली. एकेका पानाजवळ जाऊन बघू लागली. बघता बघता काय झालं? एका पानानं तिच्याकडे बघितलं. पांढरं कडं नि मधे काळाभोर डोळा. धाकटंच होतं ते. थंडीनं कुडकुडत होतं.

आणि शिक्रा? त्याला वरून नुसती पानं दिसली. तो उपाशीच गेला. शिक्रा लांबून बघतो ना. आई जवळ जाऊन बघते.

मग हळदीनंही भागूआईकडून तसंच कडं लावून घेतलं. म्हणाली, "पोरांनाही आई सापडायला हवी." तेव्हापासून ती सगळी सुखानं राहिली. शिकलेले लोक त्या पाखराला चष्मेवाला म्हणतात. चष्मा कसला, शंखजिरं आहे ते.

चला, तीही आता फांदीवर चिकटून झोपली असतील. पमी, दिगूकडे सरक. दिवा घालवते मी. खुशाल मिटा डोळे. मी आहे इथे, जवळून बघतेय.