कानतुट्याची फेरी

पाव्हणं, त्या दगडावर टेकू नका. आज अष्टमी, आज इथं कुणी बसत नाही. चालत चालत ऐका. पायांचं काय, शहरात गेल्यावर चेपून घ्या.

घुमट्या डोंगराला वेढा घालणाऱ्या या पायवाटेवर गवत म्हणून उगवत नाही. वनखात्याचे साहेब म्हणाले, माती खराब आहे. म्हटलं, असेल बुवा, तुम्ही शिकलेले! आम्ही आपले चौथी नापास, आम्हाला वेगळंच सांगितलंय.

गोऱ्यांचं राज्य उलथवायला इथले कोळी उठले, तेव्हाची गोष्ट. समोरच्या पठारावर पलटण येऊन थडकली म्हणे. आमच्याकडं माणसं चाळीस नि बंदुका सहा. बायापोरं मागच्या घळीतून कोकणात उतरत होती. त्यांत आमच्या म्होरक्याची, धावजीबाबाची लेक सगुणा, दिवस भरलेली. पाऊल पाऊल उतरणार, तळ गाठेपर्यंत दिवस मावळणार. तोवर गोऱ्यांना थोपवायचं कसं?

धावजीबाबा म्हणाला, "घुमट्याला फेऱ्या मारायच्या. थांबायचं नाही."

बंदूक नव्हती त्यांनी खांद्यावर मुसळं घेतली. डोंगराच्या पुढून जायचं, मागं गेलं की मुंडासं बदलायचं, घोंगडी उलटी पांघरायची आणि पुन्हा पुढून. साहेब दुर्बीण लावून मोजत बसला. दुपारपर्यंत म्हणे सातशे झाले! पलटण जागची हलेना.

पण आमची एक रीत. घर रिकामं करताना बांधलेलं जनावर मागं ठेवायचं नाही. धावजीनंही आपला कुत्रा सोडला होता. एक कान तुटलेला, म्हणून नाव कानतुट्या. तो निघाला मालकाच्या पायात पाय घालत. पहिल्या फेरीला, दुसऱ्या फेरीला, दहाव्या फेरीला. दगड मारला तर खेळ समजून पुन्हा हजर! मुंडाशी बदलली, कुत्र्याचा कान कसा बदलणार?

साहेब खो खो हसला म्हणतात. मग बिगूल वाजलं.

"धावजीबाबा, तुमच्या लाडक्यानं सगळी फौज खाल्ली की हो!" एकजण ओरडला.

"कुत्रं माझं, चूक माझी. तुम्ही पोरीमागं उतरा. तिला घाई करू नका."

सहाही बंदुका ठेवून घेऊन तो या वाटेवरच्या खिंडीत एकटा उभा राहिला. एक बार या दगडाआडून, दुसरा त्या दगडाआडून. आणि कानतुट्याला कुठं चैन? या झुडपातून त्या झुडपात भुंकत सुटला. जिथं पाला हलला तिथं गोऱ्यांनी माणूस समजून गोळ्या घातल्या. कुत्र्यानं खाल्लेली फौज कुत्र्यानंच परत उभी केली. दिवस बुडता बुडता दोघं पडले. तुम्ही टेकत होतात ना, त्याच दगडापाशी.

आजही चैत्रातल्या अष्टमीला अख्खं गाव दिवसभर घुमट्याला फेऱ्या घालतं. वर्षातून या एकाच दिवशी आम्ही कुत्री बांधून ठेवतो. खालून ऐकू येतंय ना, कसा कालवा चाललाय? दिवस मावळला की त्यांना सोडायचं, पहिली भाकरी त्यांना घालायची, मगच माणसांनी बूड टेकायचं.

आणि सगुणा? पोचली की. तळाशी पाय लागले नि मुलगा झाला. माझा पणजोबा तो. ती पोचली नसती, तर आज तुम्हाला असं पळवायला इथं कोण असतं?

चला, उचला पाय. अजून अर्धी फेरी आहे.