कोठाराचा उंबरा

बांबूच्या एका जंगलात दोन उंदीर भाऊ एकाच बिळात राहत. थोरला बिळे खणायचा, धाकटा बांबूचे दाणे वेचायचा. त्या जंगलातल्या उंदरांची एक रीत होती. रोज संध्याकाळी प्रत्येक कामकरी उंदीर आपल्या कमाईतला एक दाणा सामाईक कोठारात टाकी. पुढे कोणी कायमचा अंथरुणाला खिळला, तर त्याला कोठारातून रोज दाणे मिळत आणि एक सोबतीही मिळे. सोबत्याने त्याला पाणी पाजायचे, कूस बदलून द्यायची, सापाची चाहूल लागली तर बिळाचे तोंड बुजवायचे. थोरल्याने दाणा टाकायची एकही संध्याकाळ चुकवली नव्हती.

एके दिवशी खणताना माती ढासळली आणि थोरल्याची कंबर मोडली. मागचे पाय लुळे पडले. मुलांनो, आता धाकट्याची कशी ओढाताण झाली पाहा. दाणे वेचायला जावे, तर दादाजवळ कोणी नाही. दादाजवळ बसावे, तर दोघेही उपाशी. वेचता वेचता पान जरी सळसळले, तरी त्याला वाटे, साप बिळात शिरला. हातातले दाणे टाकून तो धावत घरी येई.

शेवटी तो कोठार राखणाऱ्या म्हाताऱ्या घुशीकडे गेला. "मावशी, दादाला उठता येत नाही. सोबती दे."

"त्याला घेऊन ये," घूस म्हणाली. "ज्याला हवं त्याने स्वतः यायचं. या उंबऱ्याच्या दगडावर पुढचे दोन्ही पाय ठेवायचे आणि 'मला उठवत नाही' असं आपल्या तोंडाने म्हणायचं."

"अगं, एवढं जमलं असतं तर मी कशाला आलो असतो? तूच येऊन बघ ना!"

"मागे एका धडधाकट उंदराने भावाला पाठवून महिनाभर फुकट खाल्लं. तेव्हापासून नियम आहे, बाळा. मी मोडला तर सगळे मलाच विचारतील."

धाकटा तडक घरी आला. त्याने सागाच्या पानावर दादाला घातले, देठ दातात धरला आणि ओढत निघाला.

"ही वरात कोणाची रे?" थोरल्याने हसून बघितले.

"तुझीच. गप्प पड."

"हळू ओढ. दगड लागतात."

"हळू कसं? वर घार फिरतेय, दादा!"

चढावर पान आदळत होते. थोरला दोनदा कण्हला. मग त्याचा आवाज आला नाही. धाकट्याला वाटले, बरे झाले, डोळा लागला.

उंबऱ्याशी पोचताच त्याने थोरल्याचे पुढचे पाय उचलून दगडावर ठेवले. "बघ मावशी, ठेवले पाय! दादा, आता बोल. एवढंच म्हण, मला उठवत नाही."

थोरला बोलला नाही.

"दादा, म्हण ना रे."

घूस उंबऱ्यावरून खाली उतरली. तिने थोरल्याच्या नाकाशी आपले नाक नेले. श्वास लागत नव्हता. ती म्हणाली, "मीच यायला हवं होतं."

"आता तरी सोबती दे," धाकटा म्हणाला. "याला एकट्याला टाकून मी खड्डा कसा खणू?"

कोठार उघडे टाकून घूस थोरल्याशेजारी बसली आणि खड्डा पुरा होईपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याचा दगड तिथे नव्हता. पुढे कोणी पडल्याचे कानावर आले, की घूस दाणे घेऊन आपणहून त्याच्या बिळाशी जाई आणि बाहेरून विचारी, "आत येऊ का?" तिच्यामागे धाकटा असे. तो पडलेल्याची कूस बदलून देई. अगदी हळू.

तात्पर्य : ज्याला उठता येत नाही, त्याच्या हक्काची मदत त्याच्या दारापर्यंत गेली पाहिजे. त्यालाच आपल्या दारात बोलावते, ती मदत नव्हे.