कापूरबंदरच्या पाहुण्यांसाठी एकच सल्ला

राजा चंडप्रतापाच्या मेहुण्याला खाटेवर घालून राजवाड्यात आणलं, तेव्हा सगळ्या कापूरबंदरात एकच खळबळ उडाली. विषप्रयोग? मारामारी? छे! मेहुणेबुवा फक्त जेवून आले होते.

कापूरबंदर म्हणजे नाना देशांच्या लोकांचं शहर. चिनी, अरब, तमिळ, मलायी, शिवाय आपले कोळी. दर गल्लीची रीत निराळी. मेहुणेबुवा इथं पहिल्यांदाच येत होते. होडीतून उतरताना त्यांनी होडी हाकणाऱ्या जोमा तांडेलाला विचारलं, "काय रे, इथं वागायचं कसं?" जोमानं आईनं शिकवलेलं सांगून टाकलं, "कुणाकडंही जेवा साहेब, पण पानात काही टाकू नका!"

मेहुणेबुवा चिनी गल्लीत जेवायला गेले आणि त्यांनी वाडगा चाटूनपुसून लख्ख केला. आता त्या गल्लीत रिकामा वाडगा म्हणजे पाहुणा अजून उपाशी! यजमानानं तो पुन्हा भरला. मेहुण्यांनी पुन्हा लख्ख केला. दोघंही खानदानी, माघार घेणार कोण? शेवटी खाट मागवावी लागली.

राजानं जोमाला कोठडीत टाकलं. जोमाची मुलगी गोजरा धावत दरबारात आली.

"महाराज, बाबांनी चांगल्या मनानं सांगितलं हो! सोडा त्यांना."

"सोडतो की!" राजा म्हणाला. "आता माझे सासरे येताहेत. त्यांचं पोट मेहुण्याहून मोठं आणि राग पोटाहून मोठा. त्यांच्यासाठी एक सल्ला सांग. प्रत्येक गल्लीत चालला पाहिजे. एकच हं! चुकला, तर बाप जन्मभर आत."

दरबारचे पंडित गालातल्या गालात हसले. ते स्वतः कित्येक वर्षं याच विषयावर वाद घालत होते आणि चपला कुठं काढाव्यात, याच्या पुढं सरकले नव्हते. प्रधानजींचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. ते रोज सर्वांआधी दरबारात येऊन सिंहासनापुढं हात पसरून उभे राहत आणि बंदराकाठची आमराई मागत. आजही तेच चाललं होतं.

कोठडीत बसलेला बाप गोजराच्या डोळ्यांपुढं आला. पण ती मागं हटली नाही.

"सल्ला आहे महाराज. पण ज्यानं हे शहर कधी पाहिलंच नाही, अशा माणसावर तो तपासून बघा."

"असा माणूस आता कुठून आणू?"

"आणायचा कशाला? कापूरबंदर तुम्ही तरी कधी पाहिलंत?"

महाराज जन्मभर पडदे सोडलेल्या पालखीतून हिंडले होते. राजधानीतलं त्यांना नीट ओळखू येई, ते फक्त पालखीच्या पडद्याचं नक्षीकाम!

"असं काय? मग मीच येतो!" राजा इरेला पेटला. "बोल, सल्ला काय?"

"आपल्याआधी आलेला पाहुणा करील, तसं करायचं. बस्स!"

राजानं व्यापाऱ्याचा वेश केला आणि दोघं निघाले. चिनी गल्लीत त्यांना आग्रहानं जेवायला बसवलं. समोर यजमान आपला वाडगा साफ करत होता. ते पाहून राजानंही बोटं फिरवायला घेतली, तोच गोजरा खाकरली.

"यजमानाकडं काय बघता? त्याचं घर आहे, तो काहीही करील! आधी आलेल्या पाहुण्याकडं बघा."

शेजारच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं वाडग्यात थोडा भात ठेवून हात आवरला होता. राजानं माशाचा तुकडा ठेवला. एवढं दुःख त्याला किल्ला गमावतानाही झालं नव्हतं. यजमानानं मात्र खूश होऊन हात जोडले.

पुढं अरब गल्लीत कॉफी आली. राजानं कप रिकामा केला की तो भरलाच! राजाचे डोळे तारवटले. मग त्याला आठवण झाली आणि त्यानं आधी आलेल्या पाहुण्याकडं पाहिलं. त्या पाहुण्यानं रिकामा कप हलकेच हलवून परत दिला. राजानंही हलवला आणि सुटका झाली! तमिळ गल्लीत तर त्यानं न सांगता शेजाऱ्याकडं पाहून केळीचं पान आपल्या बाजूला दुमडलं आणि घरच्या आजीबाईंनी त्याला "गुणी मुलगा" म्हटलं. असं त्याला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.

सल्ला खरा ठरला. पण एका तांडेलाच्या पोरीपुढं हार मानली, तर तो चंडप्रताप कसला? दुसऱ्या दिवशी गोजराला दरबारात बोलावलं आणि राजा सिंहासनावर ऐसपैस बसला.

"पोरी, इथं तू पाहुणी. तुझ्याआधी मी आलो आणि सिंहासनावर बसलो. चल, तुझा सल्ला पाळ! बस माझ्या शेजारी!"

पंडितांनी माना लांबवल्या. सिंहासनाला हात लावला, तर गर्दन जाणार. नाही लावला, तर सल्ला खोटा आणि बाप जन्मभर आत!

गोजरानं शांतपणे चौफेर नजर फिरवली.

"महाराज, तुम्ही तर इथले यजमान! यजमानाकडं बघायचं नाही, हे काल चिनी गल्लीत ठरलंय. माझ्याआधी आलेले पाहुणे ते." तिनं प्रधानजींकडं बोट दाखवलं. "आणि ते काय करताहेत?"

सगळ्यांनी पाहिलं. प्रधानजी हात पसरून उभे होते.

गोजरा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनंही दोन्ही हात पसरले. "द्या महाराज! माझे बाबा मला द्या!"

राजा असा खदखदून हसला की मुकुट घरंगळून मांडीवर पडला.

"सोडा रे जोमाला! आणि सासरेबुवांना उतरवून घ्यायला धक्क्यावर हीच जाईल. शिवाय पोरी, बंदराकाठची आमराई आजपासून तुझी!"

गोजरानं हात जोडले आणि ती कोठडीकडं धावली. प्रधानजींचे हात मात्र तसेच पसरलेले राहिले.