वाघजाळीच्या भिवाने बँकेकडून व्याज परत आणलं त्याची गोष्ट

आमच्या तालुक्यात वाघजाळी नावाचं गाव आहे आणि त्या गावात भिवा नावाचा एक भोळा गवंडी राहतो. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी म्हणालं, "भिवा, जरा थांब," तर तो थांबायचा. म्हणणारा घरी जाऊन जेवून झोपला तरी भिवा आपला थांबलेलाच.

या भिवाने बँकेचं कर्ज काढून घर बांधलं. भिंती झकास उभ्या राहिल्या. पण दारं करायची वेळ आली तेव्हा पैसे हप्त्यांत जायला लागले. त्याचं असं झालं, की कर्जाच्या कागदावर एक अट होती: बाजारात व्याज चढलं की भिवाचंही चढेल, पण बाजारात उतरलं तरी भिवाचं उतरणार नाही. भिवाला ती वाचून दाखवली तेव्हा त्याने मान डोलावली. गवंडीच तो. भिंत वर जाते, खाली थोडीच येते? त्याला ते रीतसर वाटलं.

आठ वर्षं त्याने चढलेलं व्याज भरलं आणि कर्ज फेडलं. आठ वर्षं त्याच्या बायकोने, हौसाने, दाराला जुनं लुगडं लावून संसार केला. शेजारच्या कोंबड्या येऊन देव्हाऱ्यात अंडी घालायच्या. कुत्री येऊन भाकरी न्यायची. रात्री हौसा उंबऱ्याला डोकं लावून झोपायची, कारण दाराच्या जागी कुणीतरी हवंच ना.

मग कोर्टाचा निकाल लागला की असली अट अन्यायाची आहे आणि बँकांनी जास्तीचं व्याज परत करावं. मात्र कर्जदाराने महिनाअखेरीपर्यंत स्वतः येऊन मागायला हवं. शाळेच्या हेडमास्तरांनी हिशेब केला. भिवाचे शहाऐंशी हजार चारशे निघाले. हौसा शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिने डाव हातात धरूनच सुताराकडे जाऊन दोन दारांची किंमत विचारली. बसत होती.

कर्ज भिवाच्या नावावर, तेव्हा जाणं भिवालाच भाग होतं. हौसाने अर्ज त्याच्या खिशात घातला आणि बजावलं, "आवं, तुमी बोलाय लागला की घात हुतो. तितं तोंड उघडू नका. गप बसा."

भिवा बँकेत गेला आणि गप बसला.

कारकुनाने विचारलं, "काय काम आहे?" भिवा गप. "नाव काय तुमचं?" भिवा गप. कारकुनाला वाटलं, मुका असेल बिचारा. त्याने कागद आणि पेन पुढे केलं. भिवाने कागदाला नमस्कार केला. पाच वाजता शिपायाने त्याला हाताला धरून बाहेर आणलं आणि रस्ता ओलांडून दिला.

"अर्ज दिला का?" हौसाने विचारलं.

"कसा देणार? द्यायचा म्हंजी 'घ्या' म्हणाय लागतंय. तू तर गप बस म्हणालीस."

"अवो देवा! इचारल्यावर सांगायचं असतंय! साहेब जे इचारतील ते समदं सांगा. काय हातचं राखू नका."

दुसऱ्या खेपेला भिवा थेट मॅनेजरसाहेबांपुढेच जाऊन बसला. सबनीस त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता. पण बँकेत राहून पैसा बाहेर जाताना त्यांच्या पोटात दुखायचं.

"बोला, काय म्हणणं आहे?" सबनीस म्हणाले.

भिवाने समदं सांगितलं. तो पायाळू जन्मला इथपासून सुरुवात केली. लहानपणीचा गोवर सांगितला, लग्नात रुसलेला मामा सांगितला, वाळू कुठून चोरून आणली तेही सांगितलं. मग म्हणाला, "आमची हौसा म्हणती, तुमची बँक म्हंजी गोचीड हाय. हेडमास्तर म्हणालं, शहाऐंशी हजार चारशे निगत्यात, पर साहेब बेरकी हाय, पाच हजारांत कटवाय बघंल. आन् खरं सांगायचं तर आमाला पाच हजारबी लई हायती. घरात दार न्हाई."

सबनीसांनी चष्मा पुसला. "बरं झालं मोकळेपणाने बोललात," ते म्हणाले. "पाच हजार घ्या आणि मिटवून टाका."

"घरी इचारून सांगतो," भिवा म्हणाला, कारण तेही खरंच होतं.

घरी ऐकून हौसाने कपाळावर हात मारून घेतला. "मी गोचीड म्हणाले ते सांगितलंत?"

"हातचं कायबी राखलं न्हाई."

"आता नीट ऐका. बाजारात वांगी घेता तवा माळीण सांगंल त्यो भाव देता का? न्हाई ना? तसंच हितं. साहेब म्हणतील त्यो आकडा कबूल करायचा न्हाई. घासाघीस करायची. जुळलं न्हाई तर उटून चालाय लागायचं. मागनं हाका मारत्यात."

हे मात्र भिवाला पक्कं कळलं. वांग्यांच्या बाजारात तो तयार होता. माळणीने चाळीस म्हटलं की आपण वीस म्हणायचं.

तेवढ्यात सबनीसांना वरच्या ऑफिसातून पत्र आलं होतं की कोर्टाचं काम आहे, पै न् पै परत करा, नाहीतर तुमच्या पगारातून कापू. तिसऱ्या खेपेला भिवा आत शिरला तेव्हा सबनीस खुर्चीतून उठून उभे राहिले.

"या, या! तुमचे पूर्ण शहाऐंशी हजार चारशे मंजूर झाले."

भिवा हसला. "काय तरीच काय साहेब! चाळीस हजार."

"चाळीस कसले?"

"चाळीसला जमत आसंल तर बोला."

"अहो, मी शहाऐंशी देतोय!"

"पयल्यांदा समदी आसंच म्हणत्यात," भिवा म्हणाला आणि उठला. दारापर्यंत सावकाश गेला. मागून हाक आली. त्याला बरं वाटलं. हौसा शहाणी होती.

"बरं, तुमचं ऱ्हाऊ द्या, माझं ऱ्हाऊ द्या. पंचेचाळीस. ह्याच्या वर एक रुपाया घेणार न्हाई."

"एक पैसासुद्धा कमी देता येत नाही हो मला!" सबनीस रडकुंडीला आले.

"मग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. दुसऱ्या बँका हायती."

आणि भिवा एसटी स्टँडकडे चालू लागला. सबनीस फायली काखेत मारून त्याच्या मागून पळत होते. सगळा बाजार बघत होता. भिवाने गाडी सुटेपर्यंत भाव सोडला नाही.

घरी येऊन त्याने हौसाला छाती फुगवून सांगितलं, "पंचेचाळीसवर आणलं हुतं त्यांना. उद्या चाळीसला देत्यात बघ."

हौसा उंबऱ्यावर बसली आणि रडली. इथे मलाही हसू येत नाही. आठ वर्षं दाराच्या जागी झोपलेली बाई ती. आणि महिन्याचा एकच दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी, दीडशे पोरांची खिचडी एकट्या हौसावर. तिला स्वतः जाता येईना.

पहाटे तिने भिवाला चहा दिला आणि अगदी हळू आवाजात, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "हुज्जत घालू नका. भाव करू नका. साहेब सही मागतील तितं मुकाट सही करा. लग्नात आहेर कसा घेता? मान खाली, दोनी हात पुढं. तसं पैसं घ्या. म्हणा, मी म्हणते तसं. कसं घ्यायचं?"

"आहेर घेत्यात तसं."

"शाणं गं माझं," हौसा म्हणाली.

आणि खरोखर त्या दिवशी भिवा चुकला नाही. जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. मान खाली घातली, दोन्ही हात पुढे केले. सबनीसांनी शहाऐंशी हजार चारशे रोख त्याच्या हातावर ठेवले आणि सुटकेचा श्वास सोडला. भिवाने नोटा कपाळाला लावल्या.

संध्याकाळी तो घरी आला. तोंडात पेढा होता, कपाळाला कुंकू होतं.

"मिळालं?" हौसाने विचारलं.

"मिळालं. पुरे शहाऐंशी हजार चारशे. हुज्जत न्हाई, भाव न्हाई."

हौसाने देवाला हात जोडले. त्याच्या तोंडावरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिला आपला नवरा शहाणा वाटला. "आणा हिकडं. सुतार थांबलाय."

"हितं कुटं हायती? परत केलं."

"परत?"

"मग? आहेर घेतल्यावर परत कराय नगं? आज त्यांच्या दारात कार्य हुतं. बँकेला पंचवीस वर्सं झाली. केळीचं खांब, झेंडूचं तोरण, सनई. ज्यांनी आपल्याला केला त्यांच्या कार्याला आपुन रिकाम्या हातानं निगून यायचं? चार लोकांत नाव गेलं आसतं तुजं."

हौसाने खांब धरला. "आन् साहेबांनी घेतलं?"

"पयल्यांदा घेत न्हवतं. नियमांचं पुस्तक काढलं. त्यात आहेर घेऊ नये आसं कुटंच लिवलेलं न्हाई. मग पावती दिली, पेढा दिला. म्हणालं, पंचवीस वर्सांत बँकेला आहेर करणारा तूच पयला."

"शहाऐंशी हजार चारशे," हौसा पुटपुटली.

"शहाऐंशी हजार चारशे एक," भिवा म्हणाला. "वर रुपाया नगं का? मोकळ्या आकड्याचा आहेर कोण करतंय?"

"रुपाया कुटनं आणलात? तुमच्या खिशात तर गाडीच्या भाड्यापुरतंच हुतं."

"न्हवताच," भिवा म्हणाला. "साहेबांनी बँकेतनंच काढून दिला. कर्जाऊ. चार पानं भरून कागद हुता, पर तू घाबरू नगंस. म्यां एक शब्द इचारला न्हाई. मुकाट सही केली."